अण्णांची वही

गेल्या माघात आम्ही हैदराबादहून मुधोळला निघालो होतो. वाड्याच्या वाटणीचे काही कागद करावयाचे होते आणि जाताजाता बासरला सरस्वतीच्या पायाशी नातीच्या हातून पाटीवर पहिले अक्षर काढवून घ्यावयाचे होते. मोटार मुलाची, चालवणाराही तोच. रस्ता चौपदरी, सरळ आणि गुळगुळीत. काटा शंभराच्या पुढे गेला की मोटार हलकेच थरथरे. समोर मालमोटार दिसली की करकचून ब्रेक आणि ती बाजूला सरली की पुन्हा पाय तळाशी, असे कामारेड्डी मागे पडेपर्यंत चालले होते. मी मागच्या आसनावर नातीला घेऊन गप्प बसलो होतो. म्हातारपणी मुलाच्या मोटारीत बसावयाचे, तर हा गुण अंगी बाणवावाच लागतो.

डिचपल्लीजवळ चहाला थांबलो, तेव्हा तो सहज म्हणाला, "बाबा, विकताना लिटरला बावीस किलोमीटर सांगितलं होतं. मला पंधराच्या वर कधी मिळत नाही. गाडीतच काही तरी दोष असावा."

हातातला कप तसाच राहिला. सुमारे पंचेचाळीस वर्षांपूर्वी मुधोळच्या वाड्याच्या ओसरीवर उभा राहून अगदी हेच वाक्य मी अण्णांना ऐकवले होते. त्यांनी उत्तर दिले नव्हते. ते द्यावयाचे काम एका रात्रीने केले.

मुधोळ पुष्कळ वाचकांच्या परिचयाचे असेल. बासर आणि भैंसा यांच्या मधले, काळ्या रानातले हे गाव. निजामाच्या राज्यात आमचा मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. १९५६ साली भाषावार राज्ये झाली, तेव्हा मुधोळ, भैंसा, कुबेर हा भाग आदिलाबाद जिल्ह्याला जोडला जाऊन आंध्र प्रदेशात आला. २०१४ साली तेलंगण झाले आणि २०१६ साली निर्मल जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा आम्ही त्यात गेलो. गाव जागचे हलले नाही. जिल्हे मात्र त्याच्यावरून येऊन गेले. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि कचेरीच्या जुन्या दप्तरात उर्दू अशा तीन भाषांत आमचे बालपण गेले. सोयरिकी नांदेड-धर्माबादकडच्या, कज्जे आदिलाबादचे आणि मोठे दुखणे आले की धाव निजामाबादला किंवा निर्मलला. म्हणूनच वाहनाला आमच्याकडे चैनीपेक्षा वेगळा अर्थ होता.

अण्णा वकील होते. १९६८ साली त्यांनी एक वापरलेली अ‍ॅम्बॅसडर घेतली. हिंदुस्थान मोटर्सच्या बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यातली ती गाडी म्हणजे एखाद्या पोक्त गृहिणीसारखी होती : ऐसपैस, सोशीक आणि मनाविरुद्ध धावायला लावले तर कुरकुरणारी. इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे, वजन अकराशे किलोंच्या आसपास. आमच्या आळीत दुसरी मोटार नव्हती. त्यामुळे कागदोपत्री ती अण्णांची असली, तरी अडीअडचणीला सगळ्या आळीची होती.

या मोटारीची एक वही असे. लाल बांधणीची, न्यायालयाच्या कामाच्या वह्यांसारखीच. तारीख, किलोमीटर, किती पेट्रोल भरले, लिटरमागे किती चालली आणि शेवटी 'शेरा' असे रकाने. दर वेळी भैंसाच्या पंपावरून आले की हातपाय धुण्याआधी अण्णा नोंद करीत. आई थट्टेने म्हणे, "आमच्या दूधवाल्याचा हिशेब इतका चोख असता, तर बंगला झाला असता." अण्णांचा आकडा मात्र अकराच्या खाली फारसा उतरत नसे. तशाच गाड्या असलेले त्यांचे वकीलमित्र नवापर्यंत पोहोचले तरी समाधान मानीत.

त्यांचे शास्त्र साधे होते. ब्रेक दाबावा लागला, म्हणजे आधी लांबवर पाहावयाचे राहिले, असे ते म्हणत. बैलगाडी, म्हशींचा कळप किंवा वळण दुरून दिसले की पाय आधीच सैल करावयाचा. मोटार आपल्या आपण मंदावते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन आक्रंदत ठेवावयाचे नाही आणि वरच्या गिअरमध्ये धापा टाकेपर्यंत ओढावयाचेही नाही. क्लचवर पाय विसावावयाचा नाही. सकाळी ओढलेला चोक इंजिन तापताच आत लोटावयाचा. तो विसरला तर कार्बोरेटर हवेपेक्षा पेट्रोलच अधिक पाजत राहतो. बासरला रेल्वेचे फाटक लागलेले असले की इंजिन बंद. आणि दर रविवारी स्नानाआधी पायपंपाने चाकांत हवा.

मी त्या वेळी हैदराबादला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. पदार्थविज्ञानात बरे गुण मिळत. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे मी परीक्षेत अनेकदा लिहिले होते. परंतु त्या चौपटीचे पैसे पेट्रोलपंपावर मोजावे लागतात, हे काही मला सुचले नव्हते. आता सवड आहे म्हणून कधी तरी हिशेब मांडून पाहतो. चार-पाच माणसे बसलेली अ‍ॅम्बॅसडर ताशी ६० किलोमीटरला आणली आणि लगेच ब्रेक मारून थांबवली, तर त्या एका उठाठेवीत सुमारे ३० मिलिलिटर पेट्रोल जाते; म्हणजे चहाचे सहा चमचे. पेट्रोलच्या उष्णतेचा जेमतेम पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो, म्हणून हा आकडा एवढा होतो. ब्रेक दाबला की ते सहा चमचे ब्रेकच्या तापलेल्या लोखंडात विरून जातात. बाजारच्या दिवशी भैंसाच्या रस्त्याने वीस वेळा असे केले, की अर्ध्या लिटराहून अधिक पेट्रोल नुसते ब्रेक तापवण्यात गेले. वाऱ्याचे तसेच. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. ४५ ऐवजी ८० ने गेलो, तर तो तिपटीहून अधिक वाढतो. आणि अ‍ॅम्बॅसडरच्या त्या गोल गरगरीत अंगाला वारा चुकवण्याची कला ठाऊक नव्हती.

ते दिवसही पेट्रोलच्या ओढाताणीचे होते. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत खनिज तेलाची किंमत पिंपामागे सुमारे तीन डॉलरांवरून बाराच्या घरात गेली. अमेरिकेसारख्या संपन्न देशानेही जानेवारी १९७४ मध्ये कायदा करून मोटारींचा वेग ताशी ५५ मैलांवर, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटरांवर बांधला. आपल्याकडे १९७८ साली पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघ स्थापन झाला. गाडी ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने चालवा, ही त्याची शिकवण पुढे घरोघर पोहोचली. अण्णांना ती वाचून मोठी धन्यता वाटली. आपला खटला वरच्या न्यायालयात जिंकल्यासारखी. पुढे १९७९ साली इराणात क्रांती झाली आणि तेल पुन्हा भडकले. त्याच वर्षअखेरीस आसामातले तेलही आंदोलनामुळे अडले. भैंसाच्या पंपावर कधी पेट्रोल असे, कधी नसे आणि रात्री तर तो बंदच असे. अण्णा एका डब्यात थोडे पेट्रोल राखून ठेवीत. "कोणासाठी?" असे विचारले की म्हणत, "ते आधी कळलं असतं तर राखावं लागलं नसतं."

१९८० च्या जानेवारीत वसंत पंचमीला मी सुट्टीत घरी आलो होतो. हैदराबादचे तीन मित्र बरोबर होते. त्यांना बासर दाखवावयाचे, म्हणून मी अण्णांकडे मोटार मागितली. टाकी जवळजवळ कोरडी होती. अण्णांनी राखलेले सगळे पेट्रोल, मोजून १२ लिटर, टाकीत ओतले आणि म्हणाले, "जाऊन ये. दोन दिवस पंपाला पेट्रोल यायचं नाही, एवढं ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवले नाही. वीस वर्षांचा मुलगा, बरोबर शहरातले मित्र आणि मोकळा रस्ता! मी गाडीला ऐंशीपर्यंत पळवले. म्हशी दिसल्या की ब्रेक, म्हशी सरल्या की पुन्हा ऐंशी. बासरच्या यात्रेच्या गर्दीत इंजिन चालू ठेवून पाव तास उभे राहिलो, कारण बंद करून पुन्हा सुरू झाली नाही तर मित्रांसमोर शोभा होईल. दर्शन झाले, गोदावरीचा घाट पाहिला. परत येताना कोणी तरी भैंसाची टूम काढली, म्हणून मुधोळवरून पुढे जाऊन तिथे भजी खाल्ली आणि अंधार पडता पडता घरी आलो. अण्णांनी ओसरीवरून विचारले, "कशी चालली?" तेव्हा मी ते वाक्य म्हणालो : "फार पीते हो अण्णा. गाडीतच काही तरी दोष असावा."

त्या रात्री साडेदहाच्या सुमाराला शेजारचे पटवारीकाका कंदील घेऊन धावत आले. त्यांची थोरली लेक, आम्हां सर्वांची ताई, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दुपारपासून ती अडली होती. दाईने हात टेकले होते. मोठ्या दवाखान्यात न्या, उशीर करू नका, म्हणाली होती. पटवारीकाका एरवी अण्णांना 'वकीलसाहेब' म्हणत. त्या वेळी त्यांनी अण्णांचे दोन्ही हात धरले आणि नुसते "अण्णा" एवढेच म्हणाले.

अण्णा मोटारीशी गेले. बॅटरीच्या उजेडात किलोमीटरचा आकडा पाहिला आणि मला जवळ बोलावले.

"चौसष्ट किलोमीटर झाले. किती वेगानं गेला होतास?"

"पन्नास," मी म्हणालो.

अण्णांनी आवाज चढवला नाही. "खरं सांग. रागावायचं नाही मला, हिशेब करायचा आहे."

"ऐंशी," मी म्हणालो. "आणि बासरला इंजिन चालूच होतं. पंधरा-वीस मिनिटं."

एवढी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. अण्णांनी डोळे मिटून क्षणभर आकडेमोड केली. सात लिटरांहून अधिक गेले असणार, उरले पावणेपाच. निर्मल ५८ किलोमीटर. त्यांच्या नेहमीच्या अकराच्या हिशेबाने मोटार ५२ किलोमीटर गेली असती. माझ्या पद्धतीने चालवली तर चाळीस-बेचाळीस, म्हणजे भैंसाच्या पलीकडे भर रानात थांबली असती. मी दिवसा त्यांच्यासारखी चालवली असती, तर सहा लिटरांहून अधिक उरले असते आणि हा हिशेब करण्याची वेळच आली नसती. हे ते बोलले नाहीत. मला ते बोलून दाखवण्याची आवश्यकता नव्हती.

पुढच्या दहा मिनिटांत अण्णांनी टपावरचे लोखंडी कॅरिअर सोडवले. डिकीतली कायद्याची जाड पुस्तके, जादा पहार, पाण्याचा डबा सारे बाहेर काढले. मला चाकांत हवा भरावयास लावले आणि स्वतः अंगठ्याने दाबून पाहिली. बरोबर यावयाला सहा माणसे तयार होती; त्यांनी ताई, तिची आई आणि दाई एवढ्यांनाच घेतले. "तू पुढे बस," मला म्हणाले, "ढकलायची वेळ आली तर."

तो प्रवास मी विसरू शकत नाही. काटा ४० आणि ४५ यांच्यामध्ये जणू बांधून ठेवला होता. मागे ताई कण्हत होती. काकू पुटपुटत स्तोत्र म्हणत होत्या, मध्येच थांबून रडवेल्या स्वराने म्हणत, "अण्णा, जरा लवकर हाणा हो. लेकरू राहायचं नाही माझं." अण्णा दर वेळी तेवढ्याच शांतपणे म्हणत, "वहिनी, घाई केली तर आपण पोचणारच नाही." मला ते शब्द सहन होत नव्हते, कारण त्या सावकाशीचे कारण एकट्या मलाच ठाऊक होते.

भैंसा निजलेले होते. पंपाच्या फाटकाला कुलूप होते. तिथून पुढे लहान लहान चढउतार लागतात. चढ दिसला की अण्णा आधीपासूनच किंचित वेग घेत, चढावर पाय न दाबता गाडीला तिच्या ओघाने वर जाऊ देत आणि माथा आला की पाय सैल. एका लांब उतारावर मी हळूच म्हटले, "अण्णा, इंजिन बंद करून सोडू या का? तेवढंच वाचेल." ते म्हणाले, "वाचेल. पण उतारावर मोकळी सोडलेली गाडी आपली राहत नाही. आणि आत तीन बायका आहेत." त्या एका बाबतीत त्यांनी पेट्रोलची काटकसर केली नाही. पूर्ण ५८ किलोमीटरांत त्यांनी ब्रेक किती वेळा दाबला, ते मी मोजीत होतो. सात वेळा.

निर्मलच्या सरकारी दवाखान्यात आम्ही पोहोचलो, तेव्हा एक वाजून गेला होता. पहाटे ताईला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. दाई बाहेर येऊन सांगून गेली, तेव्हा अण्णा बाकावर बसल्या जागी झोपले होते. सकाळी घरी तार करावयासाठी म्हणून त्यांनी मोटार सुरू करून पाहिली. ती सुरू झाली नाही. मी डबा घेऊन पंपावर गेलो.

अण्णांनी मला त्या दिवशी किंवा नंतर एका शब्दाने दोष दिला नाही. पटवारीकाका पुढे कितीतरी वर्षे म्हणत, "वकीलसाहेबांनी देवासारखी गाडी नेली." त्या रात्री टाकीत पावणेपाच लिटरच का होते, हे अण्णांनी त्यांना कधी सांगितले नाही. मीही नाही.

डिचपल्लीला चहा संपेपर्यंत एवढी सगळी हकीगत मी मुलाला सांगितली. तो म्हणाला, "पण बाबा, तो कार्बोरेटरचा जमाना होता. आता सगळं संगणक बघतो." त्याचे म्हणणे अर्धे बरोबर होते. आज चोक नाही. इंजिनात पेट्रोल मोजून फवारले जाते. गिअरमध्ये असताना पाय काढला, तर संगणक ठराविक वेगापर्यंत पेट्रोल पूर्णच तोडतो. उलट उतारावर न्यूट्रलमध्ये टाकणाऱ्याची मोटार इंजिन धुगधुगते ठेवण्यापुरते पेट्रोल पीतच राहते. इंजिनच बंद करणे तर आज अधिक धोक्याचे. ब्रेकची आणि चक्राची यांत्रिक मदतच नाहीशी होते. म्हणजे ज्या चुकीला अण्णांनी भीतीपोटी नकार दिला, ती आज हिशेबानेही चूक ठरते. परंतु वारा तोच आहे आणि वजन तेच आहे. ऐंशीवरून शंभर-एकशेवीसवर गेल्यावर वारा किती अंगावर येतो आणि ब्रेक दाबल्यावर किती चमचे वाया जातात, हे कोणताही संगणक बदलू शकत नाही. पाय आपलाच असतो. आणि आजही आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी शंभरात पंचाऐंशीहून अधिक हिस्सा परदेशांतून येतो.

मुलगा काही बोलला नाही. डिचपल्लीपासून निजामाबाद आणि तिथून बासर तो साठ-सत्तरच्या वेगाने आला. बासरचा पूल ओलांडताना त्याने समोरच्या लहानशा पडद्याकडे बोट केले. चहानंतरच्या प्रवासाची सरासरी एकोणीसच्या वर होती. वेळ किती अधिक लागला, ते त्यानेच पाहिले : अकरा मिनिटे.

मुधोळला कागद शोधताना अण्णांची लाल वही सापडली. वसंत पंचमीचे पान उघडले. एरवी त्यांच्या नोंदी काटेकोर असत. त्या दिवशी दोन्ही आकड्यांपुढे 'अंदाजे' लिहिले होते. ६४ किलोमीटर, अंदाजे ९. त्याखाली ५८ किलोमीटर, अंदाजे १२. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्या ओळीपुढे काहीच नव्हते. दुसऱ्या ओळीपुढे 'कन्यारत्न' एवढेच लिहिले होते.

ती कन्या आज निजामाबादला शाळेत शिकवते. मला मामा म्हणते, दिवाळीला आठवणीने फराळ धाडते आणि आपल्या जन्माची गोष्ट आप्तांना सांगताना माझेही कौतुक करते, की मामा त्या रात्री गाडी ढकलावयाला बरोबर होते. मी आजवर तिला अडवले नाही. तिच्या घरी हे मासिक येते, हे मला ठाऊक आहे.